भाऊजींनी उतरवलेला सूर

माझे भाऊजी शिवणयंत्रं दुरुस्त करतात. दिवसभर दुकानात बसून ते कुणाच्या ना कुणाच्या मशीनला शिव्या घालतात आणि संध्याकाळी हात घासघासून धुऊन हार्पसिकॉर्ड वाजवतात. हे वाद्य म्हणजे पियानोचा हडकुळा थोरला भाऊ. तीनशे वर्षांपूर्वीची गाणी त्या काळच्या वाद्यांवरच गायची, अशी खोड असलेली माणसं ताईच्या हॉलमध्ये जमतात. ताई वरची ओळ गाते, शाळेतली एक मास्तरीण खालची. पोस्टातला कारकून व्हायोलिन वाजवतो. मी कार्यक्रमाच्या दिवशी दारात तिकिटं फाडते. मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच भाऊजींनी त्यांचं गुपित मला सांगितलं.

हार्पसिकॉर्डचे नखरे फार. हवा बदलली की तारा बिघडतात. म्हणून प्रत्येक तालमीआधी भाऊजी किल्लीने एकेक तार लावतात आणि बाकीचे त्यांच्या सुराशी सूर जुळवतात. ही जुनी गाणी आजच्यापेक्षा खालच्या पट्टीत गातात. नेमकी किती खाली, यावर या मंडळींत अजूनही हमरीतुमरी होते. भाऊजींनी या भांडणाचा फायदा उठवला. पन्नाशीनंतर ताईचा सगळ्यात वरचा स्वर फाटायला लागला, तसे ते तारा गुपचूप उतरवत गेले. दर वर्षी केसभर. स्वर लागत राहिला.

"या वयात माझा आवाज खुलतोय," असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. भाऊजी मान डोलवायचे.

"एक दिवस पकडले जाल," मी त्यांना म्हणायचे.

"कोण पकडणार? सगळे सूर माझ्याकडूनच घेतात."

मग बासरीवाला आला. हा दातांचा डॉक्टर, गावात नवीन, स्वभावाने गरीब. त्याच्याकडे जुन्या घडणीची लाकडी बासरी होती. बासरीला तारा नसतात, भोकं असतात, आणि ती एकदा पाडली की पाडली. पहिल्याच तालमीत त्याने फुंकर मारली आणि माझ्यासारख्या औरंगजेबालाही कळलं की काहीतरी भयंकर झालंय. सूर खाली यावा म्हणून त्याने बासरीचा जोड ओढून ओढून पाहिला. आणखी ओढला असता तर बासरीचे दोन तुकडे हातात आले असते.

"लाकूड फुगलं असेल," कारकून म्हणाला.

"नवीन जागेत असं होतं," मास्तरीण म्हणाली.

तेव्हा मला उमगलं, या दोघांनाही सगळं ठाऊक होतं. बिचारा डॉक्टर माफी मागत बासरी पुसायला लागला. भाऊजी खाली मान घालून पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांकडे बघत होते. मला त्यांची दया आली आणि संतापही आला. ज्याचा काही दोष नव्हता, तो घामाघूम झाला होता.

ताई पुढे आली. तिने डॉक्टरला तो एकच सूर पुन्हा वाजवायला लावला. मग हार्पसिकॉर्डवर तोच सूर स्वतः दाबला. पुन्हा बासरी. पुन्हा हार्पसिकॉर्ड.

"बासरी बरोबर आहे," ती म्हणाली. "अहो, तारा चढवा."

"आज राहू दे ना," भाऊजी म्हणाले.

"आत्ता चढवा."

तारा चढवायला बराच वेळ लागला. कुणी घरी गेलं नाही. शेवटी ताई गायला उभी राहिली. वरचा स्वर आला तेव्हा तिच्या गळ्यातून नुसती हवा निघाली. तिने दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही. हातातले कागद मास्तरणीला दिले, तिचे आपण घेतले आणि म्हणाली, "पहिल्यापासून घेऊ." खालची ओळ तिला पाठच होती. मास्तरीण रडत रडत वरची गायली, तीही बरी गायली.

सगळे गेल्यावर मी खुर्च्या लावत होते. भाऊजी किल्ली हातात घेऊन तसेच बसून होते.

"राग आलाय?" त्यांनी विचारलं.

"आलाय," ताई म्हणाली. ती त्यांच्या शेजारी त्याच बाकड्यावर टेकली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी उगाचच खूश होते."

"मीपण होतो," भाऊजी म्हणाले.