निजामाच्या नोटेवरचा तांबडा गोल

तोंड लपवून तरी किती दिवस फिरणार? म्हणून मीच सांगतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर त्यात तिखटमीठ असेल, आणि माझ्या या पराक्रमाला वरून काही लावायची गरजच नाही.

मी तलवाड्यात मास्तर. मास्तरला सगळं कळतं असा गावाचा समज, आणि वाईट म्हणजे माझाही तोच. एक दिवस शेजारच्या सुंदराक्का पदराखाली पत्र्याची डबी घेऊन आल्या. डबीत निजामाच्या काळातली दहा रुपयांची नोट. आपल्याकडं ज्याला हाली सिक्का म्हणायचे, त्यातली. बरीचशी उर्दू लिखावट, आणि कोपऱ्यात एक पुसट तांबडा गोल.

"माझ्या सासूनं शेळी पाळून इकलती, तवाची हाय," आक्का म्हणाल्या. "तिची पहिली कमाई. तिनं मोडलीच न्हाई. आमचे दीर बाबूराव तिला जलमभर म्हणायचे, जत्रंतला कागद देऊन तुला येड्यात काढलं. ती मरस्तोर म्हणत होती, खरी हाय."

"विकायची आहे का?"

"इकायची कावून? खरी हाय का खोटी, तेवढंच सांगा मास्तर."

एवढंच सांगायचं होतं हो. मला माहीत नाही, असं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण मी म्हणालो, "दोन दिवस ठेवून जा. तपासतो."

तपासतो म्हणजे काय, तर मोबाईलवर व्हिडिओ बघतो. एकात एक माणूस मोठ्या तोऱ्यात सांगत होता, खऱ्या नोटेची शाई पाण्यात फुटत नाही. मी आधी नोटेचा फोटो काढला, कारण मास्तर माणूस, पद्धतशीर काम. मग परातीत पाणी घेतलं आणि नोट सोडली.

दोन मिनिटांत तांबडा गोल विरघळला. पाणी लाल!

झालं. निजामाचा शिक्काच वाहून गेला म्हटल्यावर शंका कशाला? नोट खोटी. पण आठवण म्हणून तरी नीट राहावी, एवढी माझी माया. म्हणून ती साबणानं धुतली, कडक इस्त्री केली आणि चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन करून आणली.

आक्कांना दिली तेव्हा नेमके बाबूराव ओसरीवर बसलेले.

"खोटी निघाली आक्का," मी म्हणालो.

"म्या काय म्हणत होतो?" बाबूराव हसले. लई वेळ हसले. आक्कांनी नोट पदरानं पुसली आणि आत गेल्या.

पुढच्या आठवड्यात कामासाठी बीडला गेलतो. तिथं जुनी नाणी-नोटा घेणारे एक म्हातारे चाचा बसतात. सहज फोटो दाखवला. म्हटलं, बघा कशी फसवाफसवी चालायची.

त्यांनी चष्मा वर करून फोटो मोठा केला. उर्दू मजकूर सावकाश वाचला.

"मास्तर, असली दिसते ही. खोटी कोण म्हणालं?"

"शिक्का पाण्यात विरघळला ना."

"कोणता शिक्का?"

मी बोट ठेवलं. चाचांनी फोटो आणखी मोठा केला. "हा शिक्का नाही. अंगठा आहे. रेषा बघा. कुणीतरी कुंकू लावलंय."

मला खुर्ची द्यायला ते स्वतः उठले, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजा.

दुसऱ्या दिवशी आक्कांकडून नोट मागून घेऊन परत गेलो. चाचांनी ती उजेडाला धरली, भिंगातून पाहिली आणि मान हलवली. "असलीच आहे. पण धुतली, इस्त्री केली, प्लास्टिकात घातली. आता नोटा जमवणारा हौशी माणूस हिला हात लावणार नाही. कुणी केलं हे?"

"आमच्या गावात एक मास्तर आहे," मी म्हणालो.

गावी परतलो तो सरळ आक्कांच्या ओसरीवर. बाबूरावांना मुद्दाम बोलावून घेतलं. जे हसले त्यांच्यादेखत खरं सांगायला हवं होतं. सगळं सांगितलं.

बाबूराव म्हणाले, "म्हंजे माय खरं बोलत होती." आणि उठून गेले.

आक्कांनी एकच विचारलं. "अंगठा गेला का मग?"

"गेला."

"दर दिवाळीला लावायची ती. मी तिच्यामागं कधी लावला न्हाई. तिचाच ऱ्हावा म्हणून."

मी मोबाईलमधला फोटो पुढं केला. आक्का त्या तांबड्या गोलावरनं बोट फिरवत राहिल्या, तर फोटो सारखा पुढं सरकायचा. मी तो दर वेळी मागं आणून देत राहिलो. "ह्योच काढून द्या कागदावर," त्या म्हणाल्या. दिला. आता त्यांच्या देवघरात तोच आहे.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उलट परवा चहाला बोलावलं. मी ओसरीवर टेकलो, तर आक्कांनी कोनाड्यातला सासूचा जुना पितळी तांब्या गुपचूप उचलला आणि आत नेऊन ठेवला.

मान खाली घालून चहा प्यालो. पण तुम्हाला म्हणून सांगतो, तांब्याला चिंचेनं एक हात मारायला हवा होता.