किनारा न बघणारी तुलना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

२००४ साली मालवणात सरांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी प्रोग्राम लिहायचो. मच्छीमार सोसायटीला रापणींच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या गटांच्या, पाळ्यांची यादी हवी होती — कुठल्या किनाऱ्यावर, कुठल्या दिवशी, कुणी जाळं ओढायचं. भांडणं फार, म्हणून ठरावच झाला: छापील यादीत असेल त्यालाच पाळी. प्रोग्राम मी लिहिला. पण त्यावर नाव सरांचं, आणि सोसायटीत माझी ओळख करून दिली ती — "हा आमचा टायपिस्ट."

हे विसरायचं होतं का मी?

मग सरांनी स्वहस्ते एक सुधारणा केली. माझ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक रापण म्हणजे एक अ‍ॅरे, म्हणजे ओळीने मांडलेली नावं. त्यावरून त्यांनी प्रोग्राममध्ये 'रापण' नावाचा नवा प्रकार बनवला, त्यात किनारा जोडला. पण दोन रापणी सारख्या आहेत का, हे ठरवणारी तुलना मात्र नव्याने लिहिली नाही. ती जुन्या अ‍ॅरेकडूनच वारशाने आली. ती फक्त आतली नावं बघायची. किनारा तिला दिसायचाच नाही.

आणि सोसायटीतल्या बाबीकाकांच्या अकरा घरांच्या दोन रापणी होत्या — एक दांडीच्या किनाऱ्यावर, एक देवबागेच्या. नावं तीच, क्रम तोच. प्रोग्रामने देवबागेतली दुबार समजून गाळली.

मला ते दिसलं. यादी छापण्याआधी सरांनी विचारलं, "तपासलंस ना?" मी म्हणालो, "होय सर, उत्तम."

पुढच्या आठवड्यात देवबागेत बांगडा लागला. बाबीकाकांच्या पाळीला जाळं दुसऱ्यांनी ओढलं. काका थेट क्लासवर आले.

"माझी रापण खंय आसा रे?"

"काका, यादी संगणकाने केलेली आहे," सर म्हणाले.

"मगे तुझ्या संगणकाकच सांग माझी अकरा घरा पोसूक!"

सर सगळ्यांदेखत घामाघूम झाले. मी खुर्चीत बसून बघत होतो — आणि खोटं कशाला बोलू, इतकं सुख मला पुन्हा मिळालेलं नाही. अकरा घरांचा विचार? आला होता. बाजूला सारला.

महिन्याभरात सरांनी क्लास बंद केला. मी तुलना दुरुस्त केली. तीन ओळींचं काम. पण त्या वर्षी बांगडा देवबागेत पुन्हा लागला नाही.

यादी सुधारल्याबद्दल सोसायटीने माझा सत्कार केला. नारळ बाबीकाकांनी दिला, म्हणाले, "तू होतंस म्हणान बरा झाला रे झिला."

मी वाकून नमस्कार केला आणि नारळ घेतला.