एकेचाळीस घरांच्या पिशव्या

धाकलू विशेनं आयुष्यातली पहिली पिशवी शिवली तेव्हा तिचं तोंडच शिवून टाकलं.

हे कसं झालं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर माणूस खुळा वाटायचा. भातसानगरला धरणाच्या दारांवर त्यानं चौतीस वर्षं नोकरी केली. साखळ्या तपासायच्या, ग्रीस लावायचं आणि पावसाळा जवळ आला की वाळूच्या गोणी भरून ठेवायच्या. गोणीचं तोंड दाभणानं शिवणं हे त्याचं काम. त्यानं शिवलेली गोण महिनाभर पाण्यात लोळली तरी चिमूटभर वाळू बाहेर यायची नाही. रिटायर होऊन तो शेणव्याजवळच्या आपल्या गावी येऊन बसला. भात लावून, कापून, झोडून झालं तरी दिवस उरायचा, आणि उरलेला दिवस माणसाला खातो. अशा एका दुपारी त्याची नजर बायकोच्या शिलाई मशीनवर गेली. बारा वर्षं त्या मशीनवर टीव्ही बसला होता. धाकलूनं टीव्ही फळीवर चढवला, मशीनला तेल पाजलं आणि जुना पडदा कापून पिशवी बेतली. तीन बाजू शिवल्या आणि हाताच्या सवयीनं चौथीही शिवून मोकळा झाला.

बायकोनं, काशीनं, ती पिशवी उलटीसुलटी करून बघितली. "अवो, यात भरायचं काय? वारा?"

धाकलूनं चौथी शिवण उसवली. त्या दिवसापासून त्याला नाद लागला तो लागलाच.

लुंगी, चादर, फाटकी सतरंजी, छत्रीचं कापड, काहीही चालायचं त्याला. पट्टा जिथं पिशवीला बसतो तिथं तो आधी चौकट मारायचा, मग चौकटीत फुली, मग फुलीवरून पुन्हा एकदा फिरायचा. पिशवी झाली की लगेच वापरायला मिळायची नाही. आढ्याच्या खुंटीला टांगून तिच्यात पाटा ठेवायचा आणि दुपारपासून दिवे लागेपर्यंत तशीच लोंबत ठेवायची. धरणावरचा माणूस. वजन घेऊन बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणार?

गावात टवाळी झालीच. शेजारचा हनुमान ओट्यावरून ओरडायचा, "धाकलूभाव, ब्लाउजपण शिवता का?"

"शिवतो ना. तुझी छाती मोजून ये."

विकायचं मात्र नाव नाही. शहापूरच्या एका दुकानदारानं शंभर पिशव्या मागितल्या तर हा म्हणाला, "विकली का गिऱ्हाईक सांगणार, पट्टा लांब कर, आखूड कर. चौतीस वर्षं सायबांचं ऐकलं. आता नाय." कुणाच्या मुलीचं बारसं असलं, कुणी नवं घर बांधलं, तर पिशवी भेट. एवढंच.

सगळं सुखात चाललं असतं, पण काशीचं माहेर बंद होतं.

काशीचं माहेर मुरबाडच्या पलीकडे, टोकावड्याच्या अंगाला. तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या, साईनाथच्या मुलाचं, अक्षयचं लग्न झालं. आमच्याकडे हळदीला जाताना बाई रिकाम्या हातानं जात नाही. पिशवीत पायलीभर तांदूळ आणि वर नारळ. मांडवात तांदळाची रास घालायची, पिशवी लग्नघरच्या घरवालीकडे ठेवायची. लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी घरवाली प्रत्येकीची पिशवी परत करते, पण त्यात मूठभर तांदूळ, हळकुंड आणि एक लाडू घालून. रिकामी पिशवी परत येते ती फक्त मयताच्या घरून. बाराव्याला नेलेल्या तांदळाची पिशवी झटकून, उलटी करून देतात. लहान पोरालाही हा फरक ठाऊक असतो.

त्या लग्नात भाऊकीतल्या निम्म्या बायकांकडे मुरबाडच्या एकाच कापडदुकानातल्या लाल पिशव्या होत्या. एका रंगाच्या, एका मापाच्या. काशीचीही तसलीच. साईनाथची बायको चंदा पिशव्या भरत होती, मधेच कुणीतरी हाक मारली, भरलेल्या आणि भरायच्या पिशव्या एकात एक झाल्या. काशीनं आपल्या उंबऱ्यावर येऊन पिशवीची गाठ सोडली तर आत काही नाही. दाणासुद्धा नाही.

"जित्या मायेरातनं रिकामी पिशवी," ती म्हणाली आणि तिथंच बसली.

फोन झाले. चंदा म्हणाली, मी मोजून भरल्या. काशी म्हणाली, मग माझीच कशी उपाशी राह्यली? चंदा म्हणाली, ताय, तुला खोटं बोलायचं असंल तर बोल. झालं. तेव्हापासून ना भाऊबीज, ना गणपतीला जाणं. काशी रडणाऱ्यातली नव्हती. ती सगळा राग धाकलूवर काढायची. भाकर करपली तरी खापर त्याच्या माथी, कोंबडी अंड्यावरून उठली तरी त्याच्याच. तीन वर्षांत धाकलूला एक गोष्ट पक्की कळली होती. बायकोचं माहेर उघडलं नाही तर म्हातारपण जड जाईल.

यंदा फाल्गुनात साईनाथ स्वतः आला. मुलगी दीपिका, तिचं वैशाखात लग्न. काशीनं चहा दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"ताय, तू आली नाय तर लोकं काय बोलतील?"

"तेच बोलतील जे तीन वर्षं बोलतात."

"चंदा बोल्ली, ताईला घेऊनच या."

"तिला तोंड नाय? का तेपण माझ्या पिशवीसारखं रिकामं?"

साईनाथ कप खाली ठेवून उठायलाच लागला. यंदा काशी गेली नसती तर पुन्हा जाण्याचा विषयच नव्हता. साईनाथच्या घरचं हे शेवटचं कार्य होतं. धाकलू मशीनवर बसल्या बसल्या म्हणाला, "साईनाथभाव, तुमच्या भाऊकीत घरं किती?"

"चाळीस."

"आनि आमचं एक. मला चाळीस घरांतनं एकेक जुना कपडा आणून द्या. पण कुठला कुणाचा ते चिठ्ठीवर लिहून. कापड मी आणतो."

"कशाला?"

"यंदा पिशवी चुकायची नाय, म्हणून."

आठ दिवसांत दोन गोणी भरून कपडे आले. धाकलूनं शहापूरहून कोऱ्या मांजरपाटाचा तागा आणला. पिशवी पांढरी, सगळ्यांची सारखी, पण पट्टे ज्या-त्या घरच्या कापडाचे. एकाच्या मेलेल्या बापाचा चट्ट्यापट्ट्याचा सदरा, एकीच्या सासूचं अंजिरी लुगडं, ऋतिक नावाच्या कुणा पोराची शाळेची निळी पँट. आपल्या घरचं कापड बाई अंधारातही हातानं ओळखते, हे धाकलूला काशीकडे बघून कळलेलं.

पहिल्या दहा पिशव्या झाल्या आणि चंदाचा फोन आला. काशीला नाही, धाकलूला.

"भावजी, शिवताव ते चांगलं हाय. पण मांडवात चिंध्या नको. शुभ कार्य हाय. लोकं नावं ठेवतील."

धाकलूनं मशीन थांबवलं. "चंदाबाय, दीपिका जन्मली तवा तिला कशात गुंडाळली होतीस?"

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोऱ्या कापडात?"

"नाय. सासूबायच्या लुगड्यात. कोरं टोचतं पोराला."

"मग जन्माला जुनेर चालतं नि लग्नाला नाय, असं कुठल्या भटानं सांगितलं?"

चंदा म्हणाली, "पट्टे तरी मजबूत लावा," आणि फोन ठेवला. काशी दारातून ऐकत होती. त्या दुपारी चहा न मागता आला.

एक अडचण निघाली. दोन सख्ख्या जावा, वेगळ्या चुलीच्या, दोघींनी एकाच गठ्ठ्यातली हिरवी साडी पाठवलेली. दुसरं कापड मागावं तर एकीला वाटणार दुसरीचं ठेवलं. धाकलूनं एकीचे पट्टे सुलटे लावले, दुसरीचे उलटे, फिकी बाजू वर करून.

शेवटची पिशवी काशीची. तिला वाटलं होतं आपल्या लग्नातल्या शालूचा पदर लागेल. धाकलूनं आपल्या धरणावरच्या खाकी शर्टाच्या बाह्या कापल्या.

"मायेरी मी खाकी पट्टा धरून जाऊ? हवालदारीन दिसंन."

"चाळीस घरांत खाकी कुणाची नाय. मी चिठ्ठ्या बघितल्या."

"शालूपण कुणाचा नाय."

"शालू कुजलाय. चौतीस वर्षं घामात भिजून ही बाही फाटली नाय."

काशीनं पिशवीच्या पट्ट्याला दोन्ही हातांनी हिसका दिला. मग आणखी एक दिला. पट्टा हलला नाही. ती पिशवी घेऊन आत गेली आणि तांदूळ मापायला लागली.

लग्नाच्या आठ दिवस आधी साईनाथ चाळीस पिशव्या घेऊन गेला. हळदीला काशी आणि धाकलू किन्हवलीवरून सरळगाव, तिथून पुढे अशा दोन गाड्या बदलून पोचले. मांडवात रास घालून झाली. काशी आणि चंदा एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. पाणी दे. पाट सरकव. त्यापलीकडे शब्द नाही. लग्न झालं, दीपिका सासरी गेली. राहिला दुसरा दिवस, पिशव्यांचा.

सकाळी चंदानं मांडवात सतरंजी घातली आणि पिशव्या रांगेत मांडल्या. एरवी या वेळी घरवाली नावं पुकारते, बायका आत डोकावतात, ही माझी, ही तुझी, अर्धा दिवस जातो. यंदा चंदाला नाव घ्यावंच लागलं नाही. एक म्हातारी वाकली, अंजिरी पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि पिशवी उचलून चालायला लागली. "ह्ये माझंच लुगडं, पंढरीनाथाच्या बारशाचं." निळ्या पँटवालीनं लांबूनच ओळखली. दोघी जावा हिरव्या पट्ट्यांजवळ आल्या.

"सुलटा पट्टा माझा," थोरली म्हणाली.

"म्हंजे मी उलटी?"

"धाकलू जावयाला सगळं कळतं गो," लखमा नावाची म्हातारी म्हणाली आणि मांडव हसला. धाकटीही हसली, तिनं आपली पिशवी काखेत मारली.

चहा निवायच्या आत सतरंजी रिकामी झाली. चाळीस घरांच्या चाळीस पिशव्या गेल्या. एकीनंही बदलून मागितली नाही.

सतरंजीवर खाकी पट्टा नव्हता.

काशी खांबाला टेकून उभी होती. तिनं सतरंजीकडे बघितलं, मग धाकलूकडे. तीन वर्षांपूर्वीचं सगळ्यांना माहीत होतं. धाकलूला धरणाचं अर्ध्यात अडकलेलं दार आठवलं. वर जात नाही, खाली येत नाही आणि मागं पाणी चढतंय.

तेवढ्यात देवघरातून चंदा आली. खाकी पट्ट्याची पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून, वाकून चालत. तिनं ती काशीसमोर ठेवली तेव्हा जमिनीवर धप्प आवाज झाला.

"तुझी रांगेत ठेवलीच नाय, ताय. मागं रांगेतनंच चुकली." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "माझ्याच हातनं चुकली. मी मोजली नव्हती. बोल्ले मोजली म्हणून."

तिनं पिशवीचं तोंड उघडून धरलं.

"मूठ नाय घातली. तीन पायल्या हायेत. आता बोल रिकामी म्हणून."

काशीनं पिशवीत हात घातला. लाडू वर होते, पाचसहा, हळकुंडं होती, खाली तांदूळ कोपरापर्यंत लागला. "एवढं वजन घातलंस. पट्टा तुटला म्हंजे?"

"तुटला तर तुझ्या मालकाची लाज जाईल. माझी नाय."

अक्षय उचलायला पुढे झाला. काशीनं त्याला बाजूला सारलं. तिनं दोन्ही पट्टे एका मुठीत धरले, कमरेत वाकली आणि पिशवी उचलली. पट्टा ताठ झाला. फुली ताणली, पण एक टाका सरकला नाही. मांडवाच्या मधून, चाळीस घरांच्या बायकांसमोरून काशी एका हातात पिशवी घेऊन चालत गेली, मांडवाच्या तोंडापर्यंत गेली आणि घाई न करता मागं आली. खांद्यावर घेतली नाही, डोक्यावर घेतली नाही.

"कुणी शिवली माहीत हाय ना?" तिनं मांडवाला विचारलं. "आमच्या घरात मी नाय शिवत. हे शिवतात."

मग धाकलूला उसंत मिळाली नाही. एकीला नातवाच्या दप्तराचं माप द्यायचं होतं, एकीला बचत गटाच्या वीस जणींना शिकवायला तो हवा होता. साईनाथ म्हणाला, भावजी, मशीन हितंच आणा. धाकलूनं सगळ्यांना सांगितलं, शिकवीन, पण विकत देणार नाय. लखमा म्हातारी म्हणाली, फुकट तरी घेशील का रे, आणि त्याच्या हातात कोंबडीची सहा अंडी ठेवली.

चारची गाडी होती. धाकलू चप्पल घालून उभा राहिला तर काशी चंदाबरोबर उखळाशी बसलेली, मधे सुपारीची चंची.

"निघायचं ना?"

"तुमी निघा. पिशवी घेऊन जा, उंबऱ्यात ठेवा, आत मी नेईन." तिनं सुपारी कातरली. "मी आठ दिसांनी येते. पेजेला कणी डब्यात हाय. भाजीचं तुमचं तुमी बघा."

"आनि कोंबड्या?"

"कोंबड्या मला विचारून अंडी देतात काय?"

चंदा हसली, काशीही हसली, आणि दोघी पुन्हा कुणाच्या तरी सुनेबद्दल बोलायला लागल्या.

सरळगावला गाडी बदलून धाकलू खिडकीशी बसला. मांडीवर तीन पायल्यांची पिशवी, तिच्यावर अंडी. शेजारी टोपीवाला एक म्हातारा होता. त्यानं काही विचारलं नव्हतं, तरी धाकलू म्हणाला, "बायको मायेरी राह्यली."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे कणवेनं बघितलं. "भांडण झालं?"

"नाय रे बाबा," धाकलू म्हणाला. "मिटलं."