गेटपर्यंत

चपलेत उजवा पाय घालायचा, अंगठा नीट बसवायचा, क्षणभर विचार करायचा आणि पाय पुन्हा बाहेर काढून चौकीवर मांडी घालायची. "तुम्ही निघा. मी इथं बसलोय ना!" गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते हे करताना, आणि पुढची अकरा वर्षं दिवसातून एकदा तरी हेच पाहिलं.

माझी बँकेतून बनारसला बदली झाली तेव्हा दशाश्वमेध घाटाजवळच्या गल्लीत गुरुजींच्या घराची वरची खोली मला भाड्याने मिळाली. खाली ते आणि त्यांची मुलगी सुधा. पत्नी सुधाच्या लहानपणीच गेलेली. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची कामं हा घराण्याचा व्यवसाय, आणि घाटावर बांबूच्या मोठ्या छत्रीखाली लाकडी चौकी ही गुरुजींची गादी. घरापासून चौकी दोनशे पावलांवर. तेवढ्यासाठी ते रिक्षा करत.

रिक्षावाला त्यांना बघून हसत असे. "गुरूजी, पैदल चल लेते, सेहत बनती." गुरुजी त्याला गंभीरपणे सांगत, "सेहत बनी-बनाई है. उसको हिलाना नहीं."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. पण तुमच्या माणसाचा धंदा दुसऱ्यांना चालायला लावण्याचा नसेल. गुरुजींचा होता. काशीची पंचक्रोशी म्हणजे पाच दिवसांची पायी प्रदक्षिणा. तिचा संकल्प यात्रेकरूंकडून करून घ्यायचा आणि त्यांना वाटेला लावायचं, यात गुरुजींचा हातखंडा. यात्रेकरूच्या तळहातावर पाणी ओतायचं, आपण तुकड्यातुकड्याने मंत्र सांगायचे, त्याने मागून म्हणायचे, शेवटी "करिष्ये" म्हणून पाणी सोडायचं. स्वतः गुरुजींनी पंचक्रोशीचा पहिला मैलसुद्धा पाहिला नव्हता.

नियमाला मात्र भारी कडक. एकदा सांगलीकडचे एक गृहस्थ पायाला फोड आले म्हणून दुसऱ्या मुक्कामावरून टांग्याने परत आले. गुरुजींनी त्यांना चौकीसमोर उतरूसुद्धा दिलं नाही. "पाणी ज्याच्या हातात, संकल्प त्याचा. टांग्यात जिथं बसलात तिथं परत जा आणि तिथून चालत या." ते बिचारे डोळ्यांत पाणी आणून त्याच टांग्याने परत गेले. मला त्या दिवशी गुरुजींचा फार राग आला होता. मी तसं बोलूनही दाखवलं.

"बाई, तुम्ही बँकेत सही खाडाखोड करून चालवून घेता का?" ते म्हणाले. 

आता सुधाबद्दल. मुलगी हुशार, युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकलेली, बापाच्या अगदी उलट. दिवसभर पायाला भिंगरी. शिकताना जंगलात झाडं बघायला जायची, तिथं तिची अरविंदशी ओळख झाली. अरविंद म्हणजे चंद्रप्रभा अभयारण्यातला तरुण रेंजर. इंदूरकडचं मराठी घर, स्वभाव शांत, गोत्र वेगळं. हरकत घ्यायला जागाच नव्हती, म्हणून गुरुजींनी जागेवरच हरकत घेतली.

"मुलगी मी जंगलात देणार नाही. बिलकुल नाही. आणि तेही गंगेच्या पलीकडे!"

पलीकडे म्हणजे रामनगरची बाजू. अलीकडे मरण आलं तर मोक्ष आणि पलीकडे आलं तर पुढचा जन्म गाढवाचा, अशी बनारसी लोकांची समजूत. अभयारण्य रामनगरच्याही पुढे चाळीसेक मैल. तिथे मेल्यावर कोणता प्राणी होतो, याचा गुरुजींना नीट अंदाज करता येत नव्हता.

आठ दिवस घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तसंही ते फारसं बोलत नसत. "जेवलात का?" "हो." "दिवा मालवू?" "मालव." एवढंच काय ते. नवव्या दिवशी सुधा माझ्यादेखत म्हणाली, "बाबा, एकदा मी राहणार ते घर येऊन बघा. गेटपासून दोन-अडीच मैल आत आहे. बघून नाही म्हणालात, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. शप्पथ."

तिचा आवाज अजिबात हलला नाही.  मी मनात म्हटलं, पोरीने सगळं एका फेरीवर लावलंय.

"चालायला लागेल?" गुरुजींनी पहिला प्रश्न विचारला.

"जीप आहे."

"मग बघू."

माझ्या कानात ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही पण चला. वीस पावलं चालायचं, जीपमध्ये बसायचं, घर बघायचं, नाही म्हणायचं, संध्याकाळच्या आरतीला परत. क्या बात!"

गेटवर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला असेल. अरविंद जीप आणि ड्रायव्हर घेऊन उभा होता. गुरुजींनी बरोबर काय काय आणलं होतं ते सांगायलाच हवं. एक वळकटी, फिरकीचा तांब्या, चिवड्याचा डबा, सापावरचं औषध म्हणून कुणीतरी दिलेली मुळी आणि माकडांसाठी फुटाणे. बनारसच्या माकडांशी त्यांचा जन्माचा व्यवहार होता, जंगलातल्यांनाही हीच भाषा समजेल असं त्यांनी धरलं होतं.

गेटजवळ हातपंप होता. गुरुजींना तहान लागली. ड्रायव्हरने पंप मारला, गुरुजींनी तळहाताची ओंजळ पाण्याने भरून घेतली. आम्ही तिघं त्यांच्यासमोर, जंगलाच्या वाटेकडे तोंड करून, निघण्याच्या तयारीत उभे. आणि काय सांगू तुम्हाला, चाळीस वर्षांची सवय! हातात पाणी, समोर निघालेली माणसं, एवढं दिसताच गुरुजींची जीभ आपोआप सुरू झाली. तिथी, वार, नक्षत्र, काशीचं वर्णन, तिचं आनंदवन हे जुनं नाव, सगळं घडाघडा. शेवटी "पदयात्रां करिष्ये" असं खणखणीत म्हणून त्यांनी बोटांवरून पाणी सोडलं.

मग ते थांबले. आमच्याकडे बघितलं. आम्ही कुणीच काही म्हटलं नव्हतं. आमचे सगळ्यांचे हात कोरडे होते.

"बाबा," सुधा म्हणाली, "पाणी तुमच्या हातात होतं."

गुरुजींनी ओल्या तळहाताकडे पाहिलं. ती मुद्रा मी आयुष्यभर विसरणार नाही. सांगलीकडचे गृहस्थ टांग्यातून बघत होते ना, हुबेहूब तशी.

"तहान लागली होती म्हणून..." ते पुटपुटले.

"करिष्ये म्हणालात," मी म्हटलं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हरने जीपचं दार उघडलं. "आवा पंडितजी, बइठा." गुरुजींनी जीपच्या त्या मऊ सीटकडे एकदा डोळे भरून पाहिलं, धोतर वर खोचलं, चपला काढून माझ्या हातात दिल्या, कारण पदयात्रा अनवाणी हा नियमही त्यांचाच, आणि वाटेवर पहिलं पाऊल टाकलं. दुसऱ्या पावलाला काटा लागला.

त्यानंतरचं दृश्य असं. पुढे गुरुजी. त्यांचा हात धरून सुधा. त्यांच्या मागे वाट दाखवायला निघालेला आणि आता मागे पडलेला अरविंद. त्याच्या मागे गोगलगायीच्या चालीने जीप, आणि जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर चिवड्याचा डबा आणि गुरुजींच्या चपला घेऊन. मी उतरू लागले तर गुरुजी मागे न बघता ओरडले, "बसा हो! तुमचा कुठं संकल्प आहे?"

दर शंभर पावलांवर ते थांबत आणि अरविंदला एक प्रश्न विचारत. प्रश्न म्हणजे विश्रांतीच होती ती.

"इथं वाघ आहे का?"

"नाही गुरुजी. अस्वलं आहेत."

"अस्वल शाकाहारी ना?"

"बरंचसं."

"बरंचसं म्हणजे किती?"

मग अरविंदने भाबडेपणाने सांगितलं की फार पूर्वी इथे सिंह आणून सोडले होते, पण ते पुढे नाहीसे झाले. गुरुजी जागच्या जागी उभे. "नाहीसे म्हणजे? गेले कुठं?"

"कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे इथंच असतील!" असं म्हणून त्यांनी पुढचं अर्धा फर्लांग अंतर जे तोडलं, त्या वेगाला जीपलाही गिअर बदलावा लागला.

फुटाण्यांचं सांगायचं राहिलं. एक वानर फांदीवरून बघत होतं. गुरुजींनी पुडी उघडून बनारसी थाटात हाक मारली, "आव बेटा." वानराने बेटा न होता पुडी सोडून खांद्यावरचं उपरणं नेलं. ते झाडाच्या शेंड्यावर अंगभर पांघरून बसलं. गुरुजी बराच वेळ वर बघत राहिले. "नीट घेतलंय हो त्याने," ते म्हणाले. "यजमानांना सांगून सांगून जमत नाही."

एका वळणावर ते आपणहून थांबले. समोर एक वाकडंतिकडं झाड होतं. "हा पळस ना?" त्यांनी विचारलं. अरविंद हो म्हणाला. "आणि तो खैर? हा आघाडा?" होमाच्या समिधा जन्मभर त्यांनी पुड्यांमध्ये सुतळीने बांधलेल्या पाहिल्या होत्या. इथे त्या जिवंत, पानांसकट उभ्या. गुरुजींनी पळसाच्या बुंध्यावर हात ठेवला. "एवढा मोठा असतो होय," ते म्हणाले, आणि सुधा त्यांना झाडांची नावं सांगू लागली.

इथून पुढचं मला ऐकू आलं नाही. मी ड्रायव्हरला जीप आणखी मागे ठेवायला सांगितलं. दोघं बोलत चालली होती. मध्येच सुधा हसली, मध्येच गुरुजींनी थांबून डोळे पुसले, मध्येच तिने खाली बसून त्यांच्या तळव्यातला काटा काढला. जीपने पंधरा मिनिटांची वाट, तिला दोन तास लागले.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, ओटा, मागे सागाची झाडं. सुधा दाराशी उभी राहून बापाकडे बघत होती. अरविंदने पाणी आणलं, तर गुरुजी ते तळहातावर न घेता थेट तांब्याने प्यायले. शहाणे झाले होते. मग दोन्ही खोल्या बघितल्या, चूल बघितली, शेजारच्या गार्डच्या बायकोला "रहती हो ना यहीं?" असं दोनदा विचारलं. होय नाही की नाही नाही. आणि परत निघाले. चालतच, कारण यात्रा जिथून सुरू तिथं संपवायची. पुन्हा सुधाचा हात, पुन्हा दोन तास, आणि आरती केव्हाच हुकलेली.

गेटवर पोचल्यावर ते हातपंपाच्या कट्ट्यावर बसले. पाय सुजून भोपळे झाले होते.  सुधाने तोंड फिरवलं होतं.

"अरविंदराव," गुरुजी म्हणाले, "वडिलांना लिहा. मुहूर्त मी काढणार. त्यात कुणी बोलायचं नाही."

सुधाने पंप मारून त्यांच्या पायांवर पाणी सोडलं. घरी आल्यावर त्यांच्या पायांना तेल लावायला मी वाटी दिली, तेव्हा मी विचारलं, "गुरुजी, नाही म्हणणार होतात ना?"

ते तेल चोळत म्हणाले, "बाई, पोरगी माझ्याशी चार तास बोलली. तिच्या आईबद्दल विचारलं तिने. घरात इतक्या वर्षांत आम्ही एवढं बोललो नव्हतो." मग नेहमीच्या आवाजात, "तेल गरम करायची अक्कल नाही का तुम्हाला?"

लग्न झालं. गुरुजी महिन्यातून एकदा सुधाकडे जाऊ लागले. अरविंद दर वेळी जीप पाठवायचा, सुधा घ्यायला गेटवर यायची, आणि गुरुजी दर वेळी हातपंपावर ओंजळ भरून, मुद्दाम, मोठ्याने संकल्प करायचे. मग काय, चालणं भाग. कुरकुर तीच. काटे, ऊन, सिंह, सगळ्यांच्या नावाने शंख. गल्लीत सगळ्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला धर्माचं वेड लागलं. मलाही तसंच वाटायचं.

एकदा मी बरोबर होते. गेटवर ड्रायव्हर म्हणाला, "मैडम कल इंदौर चली गईं, सास बीमार हैं. चिठ्ठी नहीं मिली?" नव्हती मिळाली. साहेब क्वार्टरवर होते. गुरुजी सरळ जीपच्या पुढच्या सीटवर चढून बसले.

"संकल्प?" मी विचारलं.

"कसला?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "चला हो. पाय काय फुकटचे आहेत?"

पुढे माझी नाशिकला बदली झाली. तीन वर्षांनी सुधाचं पत्र आलं, गुरुजी गेल्याचं. त्यांच्या इच्छेप्रमाणे काशीत, आपल्या घरी गेले. त्याआधी आठ दिवस ते तिच्याकडे होते आणि तिथेच आजारी पडले. चालणं तर सोडाच, उठवतही नव्हतं. अरविंदने जीप काढली, तिने मागे बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, आणि बनारसला लवकर पोचायचं म्हणून सगळे घाईने निघाले.

गेट आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले, असं तिने लिहिलं होतं. "आलं पण?" म्हणाले. मग अरविंदला म्हणाले, "फिरवा. पुन्हा क्वार्टरपर्यंत घ्या."

"आम्ही तीन फेऱ्या मारल्या, ताई," सुधाने लिहिलं होतं. "मी बोलत होते आणि ते हुं हुं करत होते. चौथ्या वेळी त्यांना झोप लागली, म्हणून गेटबाहेर आलो."