तळ्याकाठची दुसरी कॅरव्हॅन

इथे भुताखेतांचे अनुभव लिहिणारा प्रत्येकजण आधी सांगून टाकतो की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मीही तेच सांगणार, काय करणार... खरंच नाही. माझ्या माहेरी कुणी अंगारा लावला तर माझे वडील चिडायचे. शारजाला मी एका क्लिनिकच्या रिसेप्शनवर होते आणि तिथे येणाऱ्या निम्म्या बायकांना दृष्ट लागलेली असायची, त्यांना मी सरळ डॉक्टरांच्या खोलीत ढकलायचे. तेव्हा पुढचं वाचताना ‘ही बाई घाबरट असेल’ असं समजू नका. मी घाबरट नव्हते. त्या दिवसापासून आहे.

१९९९ चा जानेवारी, रमझान ईदची सुट्टी. आम्ही तेव्हा शारजातच, रोल्लाला राहायचो — मी, माझा नवरा सुधीर आणि सहा वर्षांची सई. सुधीर दुबईजवळ जबल अलीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होता. त्याच्या अरबाबाने, म्हणजे मालकाने, खूश होऊन त्याची कॅरव्हॅन आम्हाला दोन दिवस वापरायला दिली. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी — पिकअपच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. झोपायचे दोन बंक, गॅस, बेसिन आणि चक्क संडास. फुकट मिळालं की सुधीरचा चेहरा असा उजळतो, की मला नाही म्हणवेना.

अल ऐनच्या पुढे वाळूच्या टेकड्यांमध्ये एक तळं होतं. नैसर्गिक वगैरे नाही. शहराचं सांडपाणी शुद्ध करून सोडायचे, ते खोलगट जागी साचून साचून तयार झालेलं. पण काठाला बोरू उगवलेले, पक्षी आलेले... वाळवंटात एवढं पाणी पाहून मी खुळावलेच. आम्ही काठापासून थोडं लांब मुक्काम ठोकला. कॅरव्हॅनच्या मागच्या खिडकीचा पडदा फाटला होता, तिथे मी माझी पिवळी ओढणी अडकवली. सईला माझ्या आईने विणलेली लाल कानटोपी घातली, कारण रात्री थंडी चांगलीच पडते. ही ओढणी आणि ही टोपी लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी लफडं झालं. संडासची टाकी भरली. दिवा लाल झाला, वासही यायला लागला आणि सईचं पोट बिघडलेलं. रात्रभर उलट्या, अंगात कणकण. संध्याकाळी कॅरव्हॅन अरबाबाला स्वच्छ करून परत द्यायची होती, त्याचं कुटुंब निघणार होतं.

“वाळूत सोडून देतो,” सुधीर म्हणाला. “कोण बघतंय?”

“मी बघतेय,” मी म्हटलं. “आपली घाण आहे, नीट जागी टाकायची.”

मग आमची शोधमोहीम सुरू झाली. सईला पुढे गाडीत घेतलं की ती ओकायची, म्हणून तिला बंकवर झोपवलं आणि दार बाहेरून कुलूप लावून बंद केलं. चालत्या कॅरव्हॅनमध्ये कुणाला बसवायचं नसतं, हे मला माहीत होतं. पण सुधीर बैलगाडीच्या वेगाने चालवत होता आणि मी सारखी मागे बघत होते. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

पहिल्या पेट्रोल पंपावरच्या मल्याळी मुलाने हात जोडले. “नो चेची, इधर नहीं, ममनू.” चेची म्हणजे ताई, ममनू म्हणजे मनाई. दुसरीकडे एका रिसॉर्टच्या गेटवर तर वॉचमनने आमचं वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही. दोन शिकलीसवरलेली माणसं सुट्टीच्या दिवशी स्वतःची विष्ठा घेऊन दारोदार फिरतायत, यावर आम्ही अगदी हसून हसून बेजार झालो. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यानंतर कितीतरी दिवस मी हसले नाही.

शेवटी तळ्याच्याच वाटेवर पाण्याच्या पंपावरचा एक पठाण चौकीदार भेटला. म्हातारा, अंगावर कांबळं, हातात चहा. तो म्हणाला, जागा आहे. सांडपाण्याचे टँकर जिथे रिकामे होतात तो सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी झाकण.

“तलाव को उल्टा हाथ पे रखो, बस. सीदा जाओ. लेकिन बाजी, धुंद आ रहा है. थोड़ा बैठो, चाय पियो. धुंद जाएगा फिर जाओ.”

“खानसाब, शाम को गाड़ी वापस देनी है,” सुधीर म्हणाला, आणि आम्ही निघालो.

जानेवारीतलं तिथलं धुकं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. काही मिनिटांत बॉनेटच्या पुढचं दिसेना. डाव्या हाताला पाणी आहे हे फक्त बोरूंच्या सळसळीवरून कळत होतं. सुधीर खिडकीतून मान बाहेर काढून चालवत होता. मी म्हटलं, थांबूया. तो म्हणाला, आलंच असेल आता.

आणि खरंच, पुढे कुणीतरी उभं होतं. पांढरी कॅरव्हॅन, आमच्याकडे पाठ करून. आमच्यासारख्याच तपकिरी पट्ट्याची... पण त्या काळी सगळ्या कॅरव्हॅन सारख्याच दिसायच्या.

“चला, नंबर लागला,” सुधीर म्हणाला. “आपल्यासारखं आणखी एक गिऱ्हाईक आहे.” त्याने इंजिन बंद केलं आणि त्या लोकांशी बोलायला उतरून पुढे गेला. त्या कॅरव्हॅनच्या बाजूने चालत गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

मी बसल्या जागेवरून समोर बघत होते. त्या कॅरव्हॅनच्या मागच्या खिडकीला पडदा होता. पिवळा. मी बघत राहिले, आणि मग मला त्याच्यावरची नक्षी दिसली. ती माझी ओढणी होती.

ओढणी बाजूला झाली. काचेला चेहरा लावून सई उभी होती. लाल कानटोपी, विस्कटलेल्या बटा. ती दोन्ही हातांनी काच बडवत होती.

मी गाडीतून उतरले कशी, मला आठवत नाही. पहिला विचार आला की काचेत आमचीच गाडी दिसत असेल, आरसा झाला असेल... पण सई मागे होती, आरशात ती कशी येईल? मी दोन पावलं पुढे गेले आणि ती ओरडली.

“आई! आई गं... आई!”

मी जागच्या जागी थांबले.

हे समजून घ्या. माझ्या सईने मला जन्मात कधी आई म्हटलं नव्हतं. तिकडे वाढलेली मुलं... आपण मराठीत विचारायचं, त्यांनी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं. मी तिची मम्मा होते. खूप प्रयत्न केले, नादच सोडून दिला. आणि ही काचेपलीकडची मुलगी असं स्वच्छ “आई गं” म्हणत होती, की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. ही सई नाही. मला तेवढंच कळलं. माझी मुलगी मागे आहे, कुलूप लावलेल्या कॅरव्हॅनमध्ये, आणि हे जे काही आहे ते मला पुढे बोलावतंय.

तेवढ्यात पुढची कॅरव्हॅन हलली. इंजिनचा आवाज नाही, काही नाही, नुसती सरकायला लागली. ती रडत होती. तिचा आवाज फाटला होता. मी वळले आणि मागे धावले. किल्ली दोनदा खाली पडली. पाठीमागून ती हाक येतच होती, लांब लांब जात. मी ओ दिली नाही. मी दात आवळून कुलूप उघडलं.

सई बंकवर उठून बसली होती. “मम्मा, व्हाय डिड वी स्टॉप?”

मी तिला छातीशी घट्ट धरलं आणि रडले. तिचं अंग गार होतं, ताप उतरला होता. तिच्या डोक्यावर टोपी नव्हती. “टोपी कुठेय गं?” मी विचारलं. तिने खांदे उडवले. हाक बंद झाली होती.

सुधीर परत आला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. चेहरा पांढराफटक. “पुढे कोणी नाही,” तो म्हणाला. “मी त्या कॅरव्हॅनच्या बाजूने चालत गेलो, तर तिला ओढणारी गाडीच नाही. आणि पुढे जमीन नाही गं, पाणी आहे. रस्ता तळ्यातच जातो.” ओटा नाही, झाकण नाही. आम्ही पुढच्या गाडीच्या मागोमाग गेलो असतो तर सरळ पाण्यात गेलो असतो.

सुधीरने ती गाडी रिव्हर्समध्ये कशी काढली ते त्यालाच माहीत. सईला मी माझ्या मांडीवर बसवलं. तिला आता मळमळत नव्हतं, उलट भूक लागली होती. हळूहळू धुकं विरळ झालं आणि पठाणाची खोली दिसली. तो आम्हाला बघून उभाच राहिला.

“आप फिर इधर?” तो म्हणाला. “आप तो अभी निकल गया, रोड की तरफ. मैंने आवाज़ दिया, आप रुका नहीं.” मग त्याने माझ्या मांडीवरच्या सईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “बच्ची पीछे खिड़की में रोता था. लाल टोपी वाला.”

सुधीरला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे. पठाणाने हात करून खरा ओटा दाखवला, तिथून हाकेच्या अंतरावर, तळ्यापासून अगदी उलट दिशेला. सुधीरने पाइप जोडला, व्हॉल्व्ह उघडला... आणि थेंबही आला नाही. टाकी कोरडी होती. मी आत जाऊन पाहिलं. संडास नुकताच बसवल्यासारखा स्वच्छ, वास नाही, दिवा हिरवा. रात्रभर पोरीने ओकलेली बादलीसुद्धा कोरडी होती. खिडकीला ओढणी मात्र होती.

“गळती असेल कुठेतरी,” सुधीर म्हणाला. “बरंच झालं.” पण त्याचा आवाज त्यालाच पटलेला नव्हता.

आम्ही दुबई रोडला लागलो. सई मांडीवर झोपली. मग मी त्याला सगळं सांगितलं. ओढणी, टोपी, काच बडवणं. तो ऐकत होता. “पण मी फसले नाही,” मी म्हटलं. “ती मला आई म्हणाली ना, तिथेच मला कळलं. आपली सई कधी आई म्हणते का?”

सुधीरने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला.

“काय झालं?”

“माझी आई येणार ना मार्चमध्ये,” तो म्हणाला. “नातीच्या तोंडून मम्मा मम्मा ऐकून तिला वाईट वाटेल म्हणून... आज सकाळी तू चहा करत होतीस, तेव्हा मी सईला शिकवलं. म्हटलं, मम्माला सरप्राइज दे. आई म्हण. नुसतं आई नाही, आई गं म्हण. तिने माझ्याकडे पाच-सहा वेळा म्हणून दाखवलं. खूश झाली होती.”

मांडीवरचं ते गार, हलकं ओझं मला एकदम परकं वाटलं, आणि तसं वाटल्याची इतकी भीती वाटली की मी तिला आणखी घट्ट धरलं. सुधीरने तिला हलवून जागं केलं. “सई, बाबाने सकाळी काय शिकवलं? आईला काय म्हणायचं?”

तिने डोळे चोळत आमच्याकडे पाहिलं. “नथिंग,” ती म्हणाली. “यू डिडन्ट टीच मी एनीथिंग.”

आम्ही परत फिरलो. अंधार पडेपर्यंत तळ्याभोवती चकरा मारल्या, त्या रस्त्यावरच्या प्रत्येक पंपावर विचारलं. पोलिसांकडे जाऊन काय सांगणार? आमची मुलगी हरवली, तर ती आमच्या गाडीत बसलेली. हनुवटीखालचा तीळ जागेवर होता, डाव्या गुडघ्यावरची खूणही होती. लाल कानटोपी काही मिळाली नाही.

सई आता दुबई मरीनाला राहते. चांगली नोकरी, चांगला नवरा. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तिने महिनाभर रजा काढून माझं सगळं केलं. पोटची पोर करणार नाही इतकं... हे वाक्य मी नेहमी अर्ध्यात सोडते. तिने मला कधीच आई म्हटलं नाही, आणि आम्हीही शिकवायला गेलो नाही. सुधीर जाईपर्यंत आम्ही दोघांनी या विषयावर पुन्हा एक शब्द काढला नाही. धुक्यात भास झाला म्हणावं, तर तिघांना एकच भास कसा झाला? मला फक्त एवढं ठाऊक आहे, की एका पोरीने मला जीव तोडून हाक मारली आणि मी ओ दिली नाही.

गेल्या जानेवारीत तिच्याकडे होते. सकाळी उठले तर बाल्कनीबाहेर सगळं पांढरं. खालचं पाणी दिसत नव्हतं, समोरच्या बिल्डिंगी दिसत नव्हत्या. मी दार उघडून कठड्याशी उभी राहिले आणि जे गेली इतकी वर्षं धुकं पडलं की करते तेच केलं. हळूच म्हटलं, “ओ... आले गं बाळा.”

मागे सई कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. तिने माझा हात धरून मला आत घेतलं आणि दार लावलं.

“मम्मा,” ती म्हणाली, “हू आर यू टॉकिंग टू?”

“कुणाशी नाही,” मी म्हटलं. तिचा हात तेव्हासारखाच गार होता. मी तो सोडवून घेतला नाही.