दाराची कडी

वडील १९९८ साली निवृत्त झाले आणि आईला घेऊन नाशिकच्या फ्लॅटमधून सिन्नरजवळच्या मळ्यात, नव्या घरात राहायला गेले. माझ्या आईचा, म्हणजे लंकाबाईचा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आठ दिवसांत बूथवरून तिचा फोन आला.

"हर्षाली, इथली माणसं लय माणूसघाणी! पाहुण्यांसाठी डबाभर लाडू केले, पण एक जण डोकावत नाय."

दुसऱ्या दिवशी पदर खोचून तिनं शेजारच्या नवसाबाईंना बांधावरच गाठलं. "माझ्या घरात वाघ बसलाय का?"

"अवो, तुमचं दार सदा बंद! आम्हाला वाटलं, तुम्ही गावाला गेलात. घरात माणूस असल्यावर दिवसा दार कोण लावतं?"

तीस वर्षं फ्लॅटमध्ये राहून आत शिरताच कडी लावायची आईच्या हाताला सवय होती. तिनं घरी येऊन दार सताड उघडलं. संध्याकाळपर्यंत लाडवांचा डबा रिकामा झाला आणि ओसरीवर वांगी, भोपळे, कोथिंबिरीच्या जुड्या येऊन पडल्या.

दिवाळीत मी न कळवता गेले. दार उघडंच होतं. आत एक अनोळखी बाई आमच्याच पातेल्यात चहा उकळत होती.

"लंकाबाई कुठे आहेत?"

"आमच्या घरी करंज्या तळत्यात. तिथली चूल अडली, म्हणून चहा इथं ठेवलाय." तिनं माझ्यापुढं पाट सरकवला. "बसा ना. लाजू नका, आपलंच घर समजा."