पत्र्यामागचा कापूस

माझा उजवा कान पार गेला आहे आणि डावा नावापुरता उरला आहे. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं ट्रक चालवल्यावर दुसरं काय होणार. मी त्यांना म्हटलं, एक हंगाम माझ्या ट्रकची केबिन अशी होती, की आत माणूस हळू बोलला तरी शब्दन् शब्द ऐकू यायचा. ते नुसते हसले. थापा मारण्यात माझं नाव आहे हे खरं, पण ही थाप नव्हे.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. धुळ्याच्या एका जिनात मी ड्रायव्हर होतो. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा तो कारखाना. गाठी जळगावला पोचवायच्या आणि येताना मिळेल तो माल भरून आणायचा, एवढं माझं काम. ट्रक लढाईच्या कितीतरी आधीचा, शेठजींनी कुणाकडून तरी जुना घेतलेला. इंजिन इमानी होतं, पण केबिन म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. पारोळा येईपर्यंत डोकं भणभणायचं आणि एरंडोलच्या पुढे आपण स्वतःशी काय गुणगुणतोय तेही कळायचं नाही. उन्हाळ्यात त्याच डब्यात भाकरी भाजून निघाली असती.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. वाटायला लागलं ते लग्नानंतर.

बायको जळगावजवळच्या असोद्याची. धुळ्यातल्या आमच्या तीन खोल्यांत नऊ माणसं राहायची. वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोने एकमेकांशी बोलायचं नाही, ही तेव्हाची रीत. तिला मला काही विचारायचं असलं तर ती माझ्या आईला म्हणायची, "त्यांना विचारा, भाकरी किती बांधू." मी आईला सांगायचो, "दोन म्हणावं." तिघंही हाताच्या अंतरावर असायचो. रात्री मी ओट्यावर पुरुषांत आणि ती आत बायकांत. लग्नाला वर्ष उलटलं तरी आमचं सलग बोलणं घडीभरही झालेलं नव्हतं, आणि तरी घरात पाळणा हलणार म्हणून सगळे आनंदात होते. ते कसं जमलं हे विचारू नये.

एकदाच ती माझ्या शेजारी ट्रकमध्ये बसली होती, लग्नानंतर माहेराहून परत आणताना. कुणी वडीलधारं नाही, रस्ता मोकळा. ती बोलायला लागली. तिचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू येत होता फक्त पत्रा. मी ओरडून "काय?" म्हणालो. तिने पुन्हा सांगितलं. मी पुन्हा "काय?" म्हणालो. मग ती हसली आणि धुळ्यापर्यंत बाहेर बघत बसली. मला त्या पत्र्याचा असा राग आला, की जिनात पोचल्यावर मी दाराला लाथ घातली. दुखलं मलाच.

पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात तिला असोद्याला पोचवायची होती. आई म्हणाली, रेल्वेने ने. मी म्हणालो, चाळीसगावला गाडी बदलायची, गर्दीत धक्के खायचे, त्यापेक्षा माझी केबिन बरी. आई म्हणाली, त्या डब्यात माझी सून घालशील तर याद राख. मी म्हणालो, डबा राहणारच नाही, बघ तू. आईला वाटलं मला सुनेच्या पोटातल्या जिवाची काळजी आहे. ती होतीच. पण खरं सांगायचं तर मला तिच्याशी बोलायचं होतं. धुळे ते असोदा, साठेक मैल, आम्ही दोघं आणि मध्ये कुणी नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक पिंजारी चाचा राहायचे. गाद्या-रजया भरण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी त्यांना ट्रकपाशी आणलं. त्यांनी पत्र्यावर बोटाने ठिकठिकाणी टिचक्या मारल्या, वैद्य पोट तपासतो तशा, आणि म्हणाले, "उघडा शे म्हनीसन बोंबलस. त्याले पांघरून दे." पत्रा उघडा आहे म्हणून ओरडतो, असं त्यांचं निदान.

दोन महिने मी फावल्या वेळी तेच केलं. आधी सगळे ढिले नट आवळले आणि जिथे पत्रा पत्र्यावर घासत होता तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. रस्त्याच्या कामावरून डांबर मागून आणलं, ते तापवून तळाला आणि दारांच्या आतून फासलं, आणि गरम असतानाच वरून गोणपाट दाबून बसवलं. एवढ्यानेच पत्र्याचा आवाज बदलला. आधी तो पातेल्यासारखा वाजायचा, आता थापटल्यावर नुसता धप्प म्हणायचा. इंजिनाकडच्या बाजूला चाचांनी कापूस लावू दिला नाही. कापूस लगेच पेट घेतो, लोकर नुसती करपते, असं ते म्हणाले. म्हणून तिथे धनगराकडची जाड घोंगडी दुहेरी ठोकली. उरलं छत, दारं आणि पाठीमागची भिंत. तिथे कापडाच्या चौकटी शिवून, आत कापूस भरून, लाकडी पट्ट्यांनी बसवायच्या ठरल्या.

इथेच मी शहाणपणा केला. जिनात झाडलोटीचा कापूस पडलेला असायचा, सरकीसकट. तो कुणी विचारत नसे. चाचा म्हणाले, पिंजून देतो, सरकी निघून जाईल. मी म्हणालो, सरकी राहू द्या. डांबराने पत्रा जड झाला तेव्हाच गप्प झाला ना, मग गादीही जड हवी. चाचांनी कापसाची मूठ हातात घेऊन दाबली.

"कापूस झोपी जास, भाऊ," ते म्हणाले, "पन सरकी जागी ऱ्हास."

मला ते म्हाताऱ्या कारागिराचं नुसतं सुभाषित वाटलं. मी भरला तसाच कापूस, आणि तेव्हापुरतं माझंच खरं ठरलं. दार लावलं की जिनाची घरघर दूर शेजारच्या गावातून आल्यासारखी यायची. मी आत बसून एकटाच मोठ्याने बोलून बघितलं. स्वतःचा आवाज इतका स्पष्ट ऐकून मला लाज वाटली.

माघ संपता संपता आम्ही निघालो. सोबतीला वडीलधारं माणूस हवं म्हणून आईने काकांना पाठवलं होतं. पण काकांना पेट्रोलच्या वासाने ओकारी यायची, म्हणून ते आपण होऊन मागे गाठींवर जाऊन बसले. देव इतका प्रसन्न मी पुन्हा कधी पाहिला नाही.

ती माझ्या डाव्या हाताला बसली. दार लागलं आणि तिने चमकून इकडेतिकडे पाहिलं. छताच्या गादीवर हात फिरवला. मी म्हणालो, आता बोल. ती लाजली. मी वाट बघितली. शहर मागे पडलं, कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांची शेतं सुरू झाली, आणि बघतो तर तिची मान दाराच्या गादीवर कललेली. ती झोपली होती. घरात पहाटे चाराला उठून रात्री सगळ्यांनंतर पाठ टेकणारी बाई, तिला वर्षात पहिल्यांदा कुणी हाक मारणार नव्हतं. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. तिला उठवायचं मला किती वाटलं आणि उठवलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. खड्डे चुकवत मी बैलगाडीच्या चालीने ट्रक हाकत होतो आणि मागून काका छतावर थापा मारून विचारत होते, बिघडलाय का म्हणून.

गिरणा ओलांडताना तिला जाग आली. जळगाव समोर दिसत होतं. ती हळू, अगदी हळू, म्हणाली, "मले भेव वाटते. आमच्या गल्लीतली एक जनी मांगच्या साली बायतपनात गेली. तुमी कायी तरी बोला ना."

शब्दन् शब्द ऐकू आला. हेच ऐकता यावं म्हणून मी दोन महिने डांबराने हात भाजून घेतले होते. आणि मला काही बोलता येईना. भीती मलाही वाटत होती, त्याच बाईची गोष्ट मीही ऐकली होती, पण पुरुषाने असं बोलायचं नसतं, असं डोक्यात बसलेलं. मी स्टिअरिंगकडे बघत म्हणालो, "परत येताना निवांत बोलू." तिने मान हलवली. गिरणेपासून असोद्यापर्यंत केबिनीत इतकी शांतता होती, की मला तो जुना पत्रा परवडला असता.

वैशाखात मुलगी झाली. दोघी सुखरूप असल्याचा निरोप आला, तेव्हा मी जिनात, सगळ्यांच्या देखत, गाठींवर बसून रडलो. मग काय बोलायचं ते जुळवत बसलो. श्रावणात तिला आणायचं होतं. पावसाळ्यात जिन बंद, ट्रक सरकीच्या ढिगाशेजारी शेडमध्ये उभा. निघायच्या आठ दिवस आधी मी दार उघडलं आणि तोंडावर वास आला. छताची गादी जागोजाग फुटली होती. आतली सरकी खाऊन उंदरांनी तिथेच घरटी केली होती, आणि डोळे न उघडलेली लालबुंद पिल्लं दाराच्या गादीत वळवळत होती. माझ्या मुलीहून थोडी लहान, इतकंच. ढिगात ओली होत चाललेली सरकी सोडून त्यांनी माझी कोरडी, गादीत ठेवलेली सरकी पसंत केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

शेठजींनी पाहिलं. त्यांची डाळीची पोती त्याच ट्रकमधून जाणार होती. सगळं उचकटून जाळायला लावलं आणि वर ताकीद दिली, की या गाडीत पुन्हा चिंधीसुद्धा ठोकायची नाही. चाचा येऊन बघून गेले. "मी म्हटलं होतं" असं ते म्हणाले नाहीत, आणि त्याचं मला जास्त लागलं.

तरी मी उघड्या पत्र्याचा ट्रक घेऊन असोद्याला गेलो. इंजिन चालू केल्याबरोबर मुलगी अशी किंचाळली, की सासूबाईंनी दोघींना खाली उतरवलं. माझा मेव्हणा त्यांना रेल्वेने घेऊन आला. मी रिकाम्या केबिनीत एकटा परतलो. जुळवलेलं सगळं मी वाटेत मोठ्याने बोललो आणि त्यातला एकही शब्द मलाच ऐकू आला नाही.

पुढे तीन मुलं झाली, घरं बदलली, वडीलधारी एकेक करून गेली. बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही तेव्हा मी आठ-आठ दिवस रस्त्यावर असायचो. आणि रस्ता सुटला तोवर कान गेले होते. ती आता दिवसभर बोलते, सुना सांगतात. मला तिचे ओठ हलताना दिसतात, पहिल्या फेरीत दिसले होते तसे. तिचा आवाज म्हातारा झालेला मी ऐकलेलाच नाही. माझ्याकडे आहे तो गिरणेच्या पुलावरचा, विशीतल्या बाईचा.

परवा जेवताना मला राहवलं नाही. मी म्हणालो, "त्या दिवशी मलाही भेव वाटत होतं." बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सुना, मुलं, नातवंडं, सगळ्यांचे हात ताटातच थांबले. फक्त तिला कळलं, कोणता दिवस ते. तिने हात धुतले, उठून माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली आणि कानाशी तोंड नेऊन बोलायला लागली. बराच वेळ बोलत होती. मला तिचा श्वास तेवढा कानाला लागत होता. मी मान हलवत राहिलो.